सहावी सूना

हिंसा झाली असे म्हणावयाचे तर मारणारा कोण, मेला कोण, मारण्यामागे हेतू काय आणि घाव कोणत्या घटकेला बसला, या चार गोष्टींचा तपशील हाती असावा लागतो, ही समजूत आपल्या मनात इतकी खोल रुजली आहे की फौजदारी न्यायालयापासून चित्रगुप्ताच्या दप्तरापर्यंत आपण कल्पिलेल्या साऱ्या न्यायव्यवस्था तिच्याच पायावर उभ्या आहेत. नाव नसेल तर नोंद नाही, हेतू नसेल तर फार तर हलगर्जी, आणि फिर्यादी नसेल तर खटलाच नाही. परंतु समजा, मोशीच्या कचरा डेपोवर दिवसभर घिरट्या घालून पोट भरणारी एखादी घार एका सकाळी नदीकाठच्या बाभळीखाली निष्प्राण पडलेली आढळली. तिच्या यकृतात शिसे निघाले, चरबीत कोठल्याशा शेतावरच्या कीटकनाशकाचा अंश निघाला, मूत्रपिंडात आणखी एखादा धातू निघाला, आणि यांपैकी कोणताही एक पदार्थ एकटा तिला मारण्याइतका नव्हता. तर चित्रगुप्ताने वही कोणाच्या नावे उघडावी? गाळ्यातल्या कामगाराच्या, गाळ्याच्या मालकाच्या, त्याच्याकडून सुटे भाग घेणाऱ्या मोठ्या कारखान्याच्या, की त्या भागांनी जुळवलेली दुचाकी हप्त्याने घेऊन कामावर जाणाऱ्या तुमच्या-आमच्या? पंचनाम्याला पंच मिळतील. आरोपी मिळणार नाही. कर्त्यावाचून घडणाऱ्या या हिंसेला पाप म्हणावे की नाही, आणि म्हणावे तर त्याचे प्रायश्चित्त कोणी व कोठे घ्यावे, हा प्रश्न आपल्या धर्मचिंतकांनी जितक्या आस्थेने विचारावयास हवा होता तितक्या आस्थेने विचारलेला नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

हा प्रश्न विचारण्यास पिंपरी-चिंचवड आणि चाकण यांच्याइतकी योग्य भूमी महाराष्ट्रात क्वचित सापडेल. लोणावळ्याकडच्या डोंगरात उगम पावणारी इंद्रायणी देहू आणि आळंदी अशी दोन तीर्थे करून तुळापुरास भीमेला मिळते. मावळातून उतरणारी पवना चिंचवडास मोरया गोसावींच्या समाधिमंदिराला लागून वाहते आणि दापोडीस मुळेत आपले नाव टाकते. या दोन नद्यांच्या दुआबात १९५४ साली, जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साह्याने, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला आणि त्याने या गरीब देशाला आपल्या घरचे पेनिसिलीन दिले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भोसरी-चिंचवडच्या माळावर भूखंडांची मोजणी सुरू झाली. १९७० साली नगरपालिका आली, १९८२ साली ती महानगरपालिका झाली. आणि फिरंगोजी नरसाळ्याने १६६० साली शायिस्ताखानाविरुद्ध झुंजवलेला किल्ला व कांद्याचा बाजार एवढ्यांसाठीच ठाऊक असलेले चाकण गेल्या शतकाच्या अखेरीपासून मोटारींचे आगर झाले. या पट्ट्याने मराठवाड्यातल्या आणि खानदेशातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांच्या मुलांना महिन्याच्या महिन्याला पगार दिला, हे विसरून जो केवळ कारखान्यांच्या नावाने बोटे मोडतो त्याचे निसर्गप्रेम फावल्या वेळेचे आहे, असे मी समजतो. एक योगायोग मात्र नोंदवावासा वाटतो. महामंडळ जन्मले त्याच १९६२ साली अमेरिकेत रेचेल कार्सन यांचे 'सायलेंट स्प्रिंग' प्रसिद्ध झाले, ज्यात फवारणीच्या विषांनी पाखरे कशी मुकी होतात हे प्रथमच सर्वसामान्य वाचकाला कळेल अशा भाषेत मांडले होते. आणि त्याच १९६२ साली महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा शेवटचा खंड छापून झाला. एकाच वर्षीचे हे तीन दस्तऐवज शेजारी ठेवून वाचण्याची बुद्धी कोणाला झाली असती, तर पुढचे पुष्कळ सोपे झाले असते.

आळंदीच्या खालच्या अंगाला, जेथे बंधाऱ्यावरून पडणारे पाणी पांढऱ्या फेसाचे ढीग पुढे ढकलीत जाते, तेथे हिवाळ्यात थोडा वेळ उभे राहिले म्हणजे पक्ष्यांची वाण आहे असे कोणालाही वाटणार नाही. तांबड्या काटक्यांसारख्या लांब पायांवर काळे पंख आणि पांढरे अंग तोलीत शेकाट्यांचा थवा उथळ पाण्यात चालत असतो. जलपर्णीच्या कडेने हळदी-कुंकू बदके पोहतात. कपाळावर पांढरा टिळा लावलेला, वारकरी याच नावाने ओळखला जाणारा काळा पाणपक्षी बुडी मारून वर येतो. पाहणारा म्हणतो, नदी मेली असती तर पाखरे कशाला आली असती? पण शेकाट्या चोचीने टिपतो आहे ते काय, हे वाकून पाहिले तर चिखलात वळवळणाऱ्या बारीक लाल अळ्या दिसतात. त्यांच्या अंगात आपल्याच रक्तातल्यासारखे हिमोग्लोबिन असते, म्हणून ज्या पाण्यात मासा तडफडून मरतो अशा प्राणवायूहीन पाण्यात त्या सुखाने वाढतात. मैलापाणी जितके अधिक, तितक्या अळ्या अधिक, आणि अळ्या जितक्या अधिक तितके शेकाटे अधिक. स्वच्छ वाहत्या पाण्यात मासे टिपणाऱ्या पक्ष्यांनी जागा सोडली आणि घाणीवर जगणाऱ्यांनी ती घेतली, हा बदल थव्याची शिरगणती करून कळत नाही. कोण गेले आणि कोण आले, हे पाहावे लागते. आणि तो फेसही केवळ कारखान्यांचा नव्हे. त्यात आपल्या मोऱ्यांतून आणि धुण्याच्या यंत्रांतून निघालेल्या साबणचुऱ्याचा वाटा मोठा आहे. वारीच्या तोंडावर वर्तमानपत्रांत त्या फेसाची छायाचित्रे पाहून हळहळणाऱ्या माणसाने अंगात घातलेला सदरा त्याच सकाळी धुतलेला असतो.

जे डोळ्यांना दिसत नाही ते याहून बिकट आहे. शिसे, कॅडमियम, क्रोमियम, पारा या धातूंना कुजणे ठाऊक नाही. ते गाळात बसतात, गाळातून अळीत, अळीतून माशात, माशातून बगळ्यात जातात. आणि डीडीटीसारखी जी विषे पाण्यात विरघळत नाहीत पण चरबीत साठतात ती प्रत्येक पायरीवर आधीच्याहून अधिक दाट होत जातात, म्हणून सर्वांत वर बसलेल्या शिकारी पक्ष्याच्या वाट्याला सर्वांत मोठा घास येतो. ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ साली दाखवून दिले की बहिरी ससाण्याची अंडी मादीच्या वजनाखालीच फुटत होती; त्याचे कारण पुढे उलगडले ते असे की डीडीटीपासून शरीरात तयार होणारे एक द्रव्य कवचाला लागणारा चुना अंड्यापर्यंत पोहोचू देत नव्हते. म्हणजे मादी मेली नाही, तिला कोणी जखम केली नाही, ती घरटे बांधते, जोडीदार शोधते, अंडे घालते, उबवावयास बसते. आणि तिच्याच मायेचा भार तिच्या पिल्लाचा काळ होतो. पक्ष्याच्या पिसांत तर याची रीतसर नोंद राहते. पीस वाढत असते तोवर त्यात रक्त खेळते आणि रक्तातला धातू पिसात उतरतो. वाढ पुरी झाली की रक्ताचा संबंध तुटतो आणि त्या मुदतीची बाकी पिसात कायमची लिहिली जाते. हंगाम संपला की जुने पीस गळून पडते, पोरे ते उचलून वहीत ठेवतात, आणि त्यावर काय लिहिले आहे हे वाचणारा प्रयोगशाळेवाचून कोणी नसतो.

आता प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. 'हेतू नाही तर पाप नाही' या सिद्धान्ताची जी कठोरात कठोर परीक्षा आपल्या देशात झाली, ती या कारखानदारी पट्ट्यात नव्हे, तर गोठ्यात झाली. म्हातारी गाय गुडघ्यात धरली, बैल लंगडू लागला, की १९९० नंतरच्या दशकात गावोगाव डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन मिळू लागले. औषध स्वस्त होते, गुण तत्काळ येत असे, आणि मुक्या जनावराची वेदना थांबवावी याहून निर्मळ हेतू तो कोणता? त्यातले एखादे जनावर दोन-चार दिवसांत मरे. मढे गावाबाहेर टाकले जाई, आणि गिधाडांचा थवा त्यावर उतरे. डायक्लोफेनॅकने गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते. रक्तातले यूरिक आम्ल बाहेर टाकता येत नाही, ते हृदयावर आणि यकृतावर पांढऱ्या पुटासारखे साठते, पक्षी मान खाली टाकून फांदीवर बसतो आणि काही दिवसांत खाली पडतो. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात डॉ. विभू प्रकाश यांच्या लक्षात गिधाडे ओसरत चालल्याचे प्रथम आले. कारण हाती लागले ते २००४ साली, लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात केलेल्या संशोधनातून. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारी नऊशे नव्वदांहून अधिक नाहीशी झाली होती. आणि यासाठी शंभर मढ्यांमागे एकही मढे औषध टोचलेले असण्याची गरज नव्हती, एकाहून कमी पुरे होते. कारण एका मढ्यावर सारा थवा जेवतो, आणि गिधाडाची जोडी वर्षाला अंडे घालते एकच. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यांत जाऊ लागल्या, तेव्हा २०१५ साली बाटलीचे माप तीन मिलिलिटरवर आणावे लागले. २०२३ साली त्याच जातीच्या केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक या औषधांवरही बंदी घालावी लागली.

या साऱ्या कहाणीत दुष्ट माणूस एकही नाही. गिधाडे मारावीत असे ज्याला स्वप्नातही वाटले नाही अशा कोट्यवधी दयाळू हातांनी, गोमातेवरच्या प्रेमापोटी, जटायूचा वंश बुडवण्याच्या बेताला आणला.

लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात पाश्चात्त्य सुखवादी पंडितांशी जो वाद घातला आहे, त्याचा रोख असा की कर्माचे नैतिक मोल त्याच्या बाह्य फळावरून ठरत नाही, कर्त्याच्या बुद्धीवरून ठरते. बुद्धी शुद्ध आणि सम असेल तर कर्म आपोआप शुद्ध. हा सिद्धान्त थोर आहे, आणि राजकारणातल्या हिशेबी धूर्ततेला त्याने दिलेले उत्तर आजही अपुरे पडत नाही. पण ते इंजेक्शन टोचणाऱ्या शेतकऱ्याची बुद्धी कोणत्या कसोटीवर अशुद्ध ठरवणार? आणि ती अशुद्ध नसेल, तर निर्वंश झालेले थवे कोणत्या सदरात मांडणार? गीतेचा आधार येथे दोन्ही बाजूंनी घेता येतो, ही गंमत आहे. फळाची आसक्ती धरू नये एवढेच वाक्य घेऊन जे थांबतात, ते परिणामांच्या चौकशीतूनही स्वतःची सुटका करून घेतात. परंतु अठराव्या अध्यायात तामस कर्माचे लक्षण सांगताना भगवंतांनी असे म्हटले आहे की पुढचे परिणाम, होणारी हानी, घडणारी हिंसा आणि आपले सामर्थ्य यांचा विचार न करता जे मोहाने आरंभले जाते ते तामस. फळाचा लोभ वेगळा आणि फळाची चौकशी वेगळी. लोभ सोडावयास सांगणाऱ्या ग्रंथाने चौकशी सोडावयास सांगितलेले नाही. उलट, न करणाऱ्याला खालच्या पायरीवर बसवले आहे. जैन आचार्यांनी तर याहून नेमके बोट ठेवले: उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, हाच तिचा उगम म्हणून सांगितला आहे. पाऊल टाकताना खाली पाहावे, पाणी गाळून प्यावे, या त्यांच्या नियमांची आपण पुष्कळ थट्टा केली. औषध बाजारात आणण्यापूर्वी ते मढे खाणाऱ्या पक्ष्याचे काय करील हे पाहणे, म्हणजे त्याच नियमाची प्रयोगशाळेतली आवृत्ती होय. ही परीक्षा अशक्य होती असेही नाही. मेलॉक्सिकॅम हे त्याच कामाचे औषध गिधाडांवर तपासून निर्धोक ठरवण्यास कारण समजल्यावर दोनच वर्षे लागली.

तरीही प्रमाद हा शब्द सर्वत्र लागू करता येईल असे मला वाटत नाही, कारण सावध राहूनही हिंसा उरते. आणि या उरलेल्या हिंसेचा विचार ज्या एका कल्पनेत झाला आहे तिच्याकडे वळण्यासाठी हा एवढा खटाटोप. गृहस्थाच्या घरात पाच सूना, म्हणजे पाच वधस्थाने असतात, असे मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे: चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. चुलीत किडा जळतो, जात्यात मुंगी भरडली जाते, केरसुणीखाली जीव चिरडतात. कोणाचाही हेतू तसा नसतो, आणि ही पाच साधने टाकून संसार चालत नाही. म्हणून गृहस्थाने रोज पाच महायज्ञ करावेत, आणि त्यांत भूतयज्ञ हा एक: अन्नाचा वाटा काक, श्वान, कृमी-कीटक यांच्यासाठी आधी काढून ठेवावा आणि मग आपण जेवावे. ज्या ग्रंथाची होळी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला झाली, आणि माणसामाणसांत भिंती उभ्या करणाऱ्या त्याच्या वचनांसाठी ती योग्यच झाली, त्याच ग्रंथातून ही कल्पना उचलताना संकोच वाटतो. पण कल्पना चांगली आहे आणि ती टाकून देणे म्हणजे आपलाच तोटा. तिच्यातले मर्म असे की तेथे कर्त्याचा शोध नाही. मुंगी कोणाच्या हाताखाली मेली, सासूच्या की सुनेच्या, याचा तपास शास्त्रकार करीत नाही; जगण्याच्या साधनातच हिंसा आहे हे तो मान्य करतो, तिला गुन्हा न म्हणता ऋण म्हणतो, आणि ते ऋण सणावारी नव्हे, रोज फेडावयास लावतो. दोष नसताना ऋण असू शकते, हे एकदा पटले की घारीच्या मरणाचा आरोपी सापडत नाही म्हणून वही मिटण्याचे कारण उरत नाही. रामाने जटायूला मारले नव्हते. मारले रावणाने. तरी सीतेपायी मेला म्हणून त्याचे और्ध्वदेहिक रामाने आपल्या हाताने केले. इगतपुरीजवळच्या सर्वतीर्थ टाकेदला ती जागा म्हणून आजही दाखवली जाते.

चाकणपासून भोसरीपर्यंत हजारो नळांतून आणि नाल्यांतून जे वाहते ती आपल्या संसाराची सहावी सूना होय. पाच सूना घरात होत्या, ही घराबाहेर आहे, पाचांतली हिंसा डोळ्यांसमोर होती, हिची कोसावर आणि वर्षांनंतर घडते, एवढाच फरक.

मग या सूनेचे ऋण आपण फेडत का नाही? माझ्या मते त्याचे एक कारण आपल्या शुद्धाशुद्धतेच्या कल्पनेतच आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पाण्यात काय टाकू नये याची यादी आहे, तीत मलमूत्र आहे, रक्त आहे, आणि विषही आहे. पण व्यवहारात आपण ही यादी विसरलो आणि विटाळ तेवढा लक्षात ठेवला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा तळे बाटले म्हणून त्यात पंचगव्याच्या घागरी ओतून ते 'शुद्ध' करण्यात आले. माणसाच्या ओंजळीने पाणी अशुद्ध होते आणि शेणाने शुद्ध होते, असे मानणाऱ्या समाजाला क्रोमियमने पाणी अशुद्ध होते हे कोणत्या इंद्रियाने कळावे? दुसरी कल्पना याहून गोड आणि म्हणून अधिक घातक: नदी पतितपावन आहे, तिला मळ लागतच नाही. आषाढीच्या प्रस्थानाला आलेला वारकरी फेस हाताने बाजूला सारून बुडी मारतो, त्या श्रद्धेपुढे मान लवते. पण ती श्रद्धा त्याच्या कातडीचेही रक्षण करीत नाही, मग देहूच्या डोहातल्या महाशीरचे कोठून करणार? त्या माशांना देवमासे म्हणून गावाने अवध्य मानले, जाळे टाकू दिले नाही, गळ लावू दिला नाही. आणि तरी ते मरून वर आल्याच्या बातम्या वाचावयास मिळतात. जाळ्याविरुद्ध दिलेले अभय पाण्याविरुद्ध चालत नाही. पालखी पुणे, सासवड करीत पंढरीस जाते त्याच वेळी आळंदीचे पाणी तुळापूर, उजनी करीत चंद्रभागेस निघालेले असते, आणि त्याला मुक्काम कमी.

भोसरीत माझ्या एका परिचितांचा प्लेटिंगचा गाळा आहे. लोखंडी जॉब आधी तेजाबात, मग निकेलच्या टाकीत, मग क्रोमच्या टाकीत बुडतात आणि प्रत्येक बुडीनंतर साध्या पाण्याने धुतले जातात. धुणावळीचे ते पिवळे पाणी म्हणजे खरे संकट. त्यातले क्रोमियम विषारी रूपात असते. गाळ्याच्या मागच्या हौदात ते साठवून त्यात आधी तेजाब आणि मग सोडियम मेटाबायसल्फाइटची भुकटी टाकली की पाहता पाहता पिवळ्याचे हिरवे होते, म्हणजे क्रोमियम आपले सौम्य रूप घेते. मग चुना टाकला की हिरवट राखी गाळ खाली बसतो आणि वर निवळ राहते. गाळ पोत्यांत भरून रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या केंद्राकडे पाठवावा लागतो. महागणपतीच्या गावी असे केंद्र असावे हे मला अनुचित वाटत नाही. या साऱ्याला दर महिन्यास पैसा लागतो, आणि त्यातून विकण्याजोगे काहीही निघत नाही. "साहेब, हा खर्च जॉबच्या रेटमध्ये धरता येत नाही," ते म्हणाले, "शेजारचा रात्री झडप उघडून मोकळा होतो, त्याचा रेट माझ्यापेक्षा कमी. माझी पोती मोजायला माणूस येतो, त्याच्या झडपेपाशी कोणी येत नाही." हा युक्तिवाद खोडण्यास सोपा नाही. भूतयज्ञ करणाऱ्याने शेजाऱ्याच्या चुलीकडे पाहू नये असे मी म्हटले असते, पण शेजाऱ्याच्या चुलीमुळे याची चूल विझणार असेल तर ते बोलणे उपदेशकाचे झाले. येथे राजदंडच हवा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० पासून आहे, जलप्रदूषणाचा केंद्रीय कायदा १९७४ पासून आहे. आणि २०१८ साली केंद्रीय मंडळाने देशातल्या नद्यांचे जे ३५१ प्रदूषित पट्टे मोजले त्यांत सर्वाधिक, म्हणजे ५३, महाराष्ट्राचे निघाले. धर्मशास्त्रातल्या एका बारकाव्याकडे मात्र परिचितांचे लक्ष मी वेधले: बली आधी काढावयाचा असतो, उरले तर नव्हे. चुना आणि भुकटी यांचा खर्च नफ्यातून वजा होणारी खिरापत नसून नफा मोजण्यापूर्वीचा घास आहे, असे त्यांच्या गिऱ्हाइकांनी, म्हणजे त्या मोठ्या कारखान्यांनी, खरेदीच्या करारात लिहून दिले तर शेजाऱ्याचा रेट आपोआप जागेवर येईल. ते हसले. हसण्याचा अर्थ मला कळला.

कोणी म्हणेल, पाखरांसाठी एवढा शब्दच्छल कशाला, माणसाचा फायदा दाखवा म्हणजे सरकार हलेल. तो दाखवताही येतो. गिधाडे गेली, मढी कुजत पडली, भटकी कुत्री वाढली. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख माणसे गिधाडांच्या अभावामुळे अधिक मेली, असा अंदाज बांधला आहे. आकडा भयंकर आहे आणि मंत्रालयात तो अवश्य वाचला जावा. पण मी माझा पक्ष त्यावर उभा करणार नाही. कारण उद्या कोणी असे सिद्ध केले की अमुक पक्ष्यावाचून माणसाचे काही अडत नाही, तर त्या पक्ष्याचा खटला आपण होऊन निकालात निघेल. ज्ञानेश्वरांनी आळंदीस समाधी घेण्यापूर्वी सहा वर्षे जे पसायदान मागितले त्यात जीवमात्रांचे परस्पर मैत्र मागितले आहे; तेथे उपयोगाची अट नाही. आपला कायदाही इतका कोता नाही. पाषाणाच्या मूर्तीला तो व्यक्ती मानतो, तिच्या नावे देवस्थान इनाम चालवतो, तिच्या वतीने दावा ऐकतो. उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने २०१७ साली गंगा-यमुनांनाही तसे व्यक्तित्व दिले होते, ते सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी स्थगित केले. देवाचा वहिवाटदार असतो. घारीचा का असू नये, हे विधिज्ञांनी सांगावे.

राहिला मागील बाकीचा प्रश्न. आजचे पाणी उद्यापासून निवळ सोडले तरी साठ वर्षांचा गाळ नदीच्या तळाशी आहे, आणि दर पावसाळ्यात पूर त्यातला थोडाथोडा उजनीकडे नेतो, जेथे भिगवणच्या उथळ काठावर रोहित पक्षी चोच उलटी धरून चिखलच गाळून खातात. ज्यांनी तो सोडला त्यांतले कित्येक कारखाने बंद पडले, कित्येकांच्या जागी गृहसंकुले उभी राहिली, मालक वारले. बापाचे कर्ज मुलाने फेडणे हे धर्म्य कर्तव्य आहे, हा हिंदू कायद्यातला जुना दंडक २००५ च्या दुरुस्तीने रद्द झाला, म्हणून वारसांना गाठण्यात अर्थ नाही. परंतु याज्ञवल्क्याने त्याहून व्यवहारी नियम सांगून ठेवला आहे: जो मिळकत घेतो त्याने ऋण फेडावे, मग तो मुलगा असो वा नसो. ही मिळकत कोणी घेतली हे शोधण्यास फार लांब जावे लागत नाही. या कारखान्यांच्या मालावरील जकातीने पिंपरी-चिंचवड आशियातील श्रीमंत महापालिकांत गणली जाऊ लागली. जकात २०१३ साली बंद झाली, पण तिच्यावर बांधलेले रुंद रस्ते, उड्डाणपूल, उद्याने आणि नाट्यगृहे शहराच्या नावे आहेत, आणि याज्ञवल्क्याच्या हिशेबाने पवनेच्या आणि इंद्रायणीच्या तळाचा गाळ त्याच मिळकतीत मोडतो.